सातारा-सांगली परिसरातील मराठीचे अक्षरविभाजन, आघात आणि शब्दसिद्धी

मराठी भाषेतील शब्दाचे उच्चारात कोणते तुकडे पडतात, त्यांपैकी कोणत्या तुकड्यावर जोर येतो आणि शब्दाला प्रत्यय लागताना किंवा दोन शब्द जुळताना या तुकड्यांची फेररचना कशी होते, हा मराठीच्या ध्वनिविचाराचा आणि रूपविचाराचा एकत्र येणारा भाग होय. प्रस्तुत लेखात हा विषय मुख्यतः सातारा व सांगली या जिल्ह्यांतील गावांची नावे, आडनावे, शेतीव्यवहारातील शब्द आणि तेथील बोली यांच्या आधारे मांडला आहे. हे दोन्ही जिल्हे पूर्वी एकाच सातारा जिल्ह्याचे भाग होते. १९४९ साली दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. कृष्णाकाठच्या या पट्ट्यातील बोली पुणेरी प्रमाणभाषेला बरीच जवळची असली, तरी तिचे काही विशेष प्रमाणभाषेतील नियमांमागची कारणे अधिक स्पष्ट करतात.

'अक्षर' या संज्ञेचे दोन अर्थ

मराठीत 'अक्षर' हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. एक अर्थ लिपीतील चिन्हाचा. या अर्थाने 'फलटण' या नावात चार अक्षरे आहेत. दुसरा अर्थ एका स्वराभोवती एका झटक्यात उच्चारल्या जाणाऱ्या ध्वनिगटाचा. या अर्थाने 'फलटण' मध्ये दोनच अक्षरे ऐकू येतात : फल्.टण्. (येथे व पुढे टिंबाने उच्चारातील अक्षरसीमा दाखविली आहे.) शालेय व्याकरणात पहिला अर्थ अधिक रुळलेला असल्याने विद्यार्थ्यांचा गोंधळ होतो. लेखातील अक्षरे मोजून उच्चाराचा नियम समजत नाही. या लेखात लिपीतील चिन्हाला 'लेखनाक्षर' आणि ध्वनिगटाला केवळ 'अक्षर' असे म्हटले आहे.

अक्षराच्या मध्यभागी स्वर असतो. त्याच्या आधी एक वा अधिक व्यंजने येऊ शकतात आणि नंतरही. स्वराने संपणारे अक्षर ते विवृत आणि व्यंजनाने संपणारे ते संवृत. 'सातारा' या नावातील तिन्ही अक्षरे विवृत आहेत (सा.ता.रा), तर 'तासगाव' मधील दोन्ही संवृत (तास्.गाव्). 'जत' हे तालुक्याचे नाव उच्चारात अवघ्या एका संवृत अक्षराचे आहे.

अकाराचा लोप

लेखनाक्षरे आणि उच्चारातील अक्षरे यांचा मेळ बसत नाही, याचे प्रमुख कारण म्हणजे अकाराचा लोप. शब्दाच्या शेवटचा 'अ' मराठीत बहुतेक ठिकाणी उच्चारला जात नाही. 'कराड' चा उच्चार क.राड् असा होतो. शेवटी जोडाक्षर असेल तर मात्र अकाराची अस्पष्ट छटा राहते, जसे 'मित्र', 'द्राक्ष'.

शब्दाच्या मध्ये येणारा 'अ' देखील दोन्ही बाजूंना एकेक व्यंजन व त्यांपलीकडे स्वर असतील तर सामान्यतः गळतो. 'वाळवा' चा उच्चार वाळ्.वा, 'आटपाडी' चा आट्.पा.डी, 'कवठे' चा कव्.ठे. 'पाचगणी' मध्ये 'च' नंतरचा अकार गळतो, परंतु त्यामुळे 'च' आणि 'ग' ही दोन व्यंजने एकत्र आल्याने 'ग' नंतरचा अकार टिकून राहतो : पाच्.ग.णी. सलग तीन व्यंजने टाळण्याकडे भाषेचा कल असतो. तरीही त्याला अपवाद आहेत. 'सांगली' मध्ये अनुस्वाराचा ङ्, त्यानंतर ग आणि ल असे तीन ध्वनी लागोपाठ येतात आणि तीन लेखनाक्षरांचे हे नाव बोलण्यात दोन अक्षरांचे होते. अनुनासिक आणि त्याच वर्गातील व्यंजन यांची जोडी जिभेला एकाच ध्वनीसारखी वाटत असल्याने येथे लोप होऊ शकतो.

अकाराचा लोप हा शब्दाचा कायमचा गुण नसतो. तो प्रत्ययाबरोबर जागा बदलतो. 'मिरज' हा शब्द एकटा असताना मि.रज् असा उच्चारला जातो. येथे 'र' मधील अकार स्पष्ट आहे. त्याच शब्दाला सप्तमीचा प्रत्यय लागून 'मिरजेत' झाले, की 'र' मधील अकार नाहीसा होऊन मिर्.जेत् अशी विभागणी होते. प्रत्ययामुळे शब्द लेखनात लांबला, पण उच्चारातील अक्षरांची संख्या दोनच राहिली. 'हळद' (ह.ळद्) आणि 'हळदीला' (हळ्.दी.ला) ही जोडीही याच प्रकारची. मराठी मातृभाषा असणाऱ्याला हा बदल शिकवावा लागत नाही, परंतु मराठी शिकणाऱ्या परभाषकाला किंवा मजकूर वाचून दाखविणाऱ्या संगणकप्रणालीला तो शिकवावाच लागतो. यंत्राचा मराठी उच्चार कानाला खटकतो तेव्हा बहुधा चूक याच ठिकाणी झालेली असते.

पद्यात परिस्थिती वेगळी आहे. अक्षरगणवृत्तांत आणि ओवी-अभंगांसारख्या छंदांत प्रत्येक लेखनाक्षर मोजले जाते. 'राम' हा शब्द गद्यात एका अक्षराचा, पण वृत्तात गुरू व लघू अशा दोन अक्षरांचा. सातारा जिल्ह्यातील सज्जनगडावर ज्यांचे अखेरचे वास्तव्य होते, त्या समर्थ रामदासांचे 'मनाचे श्लोक' भुजंगप्रयात वृत्तात आहेत. या वृत्तात प्रत्येक चरणात चार 'य' गण म्हणजे बारा अक्षरे असतात. श्लोक म्हणताना मुले अन्त्य अकार स्पष्ट उच्चारतात आणि तीच मुले वर्गात बोलताना तो गाळतात. याउलट लावणी आणि पोवाडा या प्रकारांत लय प्रधान असल्याने गाणारा अकार ठेवतो किंवा गाळतो ते तालाच्या गरजेनुसार.

लेखनात दिसणारी अक्षरसीमा

देवनागरी लेखन अक्षरसीमा सहसा दाखवीत नाही. 'रफार' आणि 'अर्धा र' (ऱ) यांतील भेद हा याला महत्त्वाचा अपवाद आहे. सह्याद्रीतील 'दऱ्या' आणि समुद्र या अर्थाचा 'दर्या' हे दोन शब्द केवळ अक्षरविभाजनात भिन्न आहेत. 'दर्या' मध्ये र् पहिल्या अक्षराचा शेवट करतो (दर्.या), त्यामुळे ते अक्षर जड होते. 'दऱ्या' मध्ये र् पुढील अक्षरात जातो (द.ऱ्या) आणि पहिले अक्षर हलके राहते. स्वयंपाकी या अर्थाच्या 'आचारी' शब्दाचे 'आचाऱ्याला' आणि गुरू या अर्थाच्या 'आचार्य' शब्दाचे 'आचार्याला' ही जोडी व्याकरणाच्या पुस्तकांत नेहमी दिली जाते. 'सातारा' चे सामान्यरूप 'साताऱ्या-' असेच लिहावे लागते. तेथे रफार दिल्यास सा.ता.ऱ्यात् ऐवजी सा.तार्.यात् असा वेगळाच उच्चार सूचित होतो. छपाईतील खिळ्यांची आणि पुढे संगणकीय टंकांची अडचण म्हणून अनेक वर्षे 'सातार्‍यात', 'सातार्यात' अशी रूपे छापली गेली. ती टंकलेखनाची तडजोड होती, उच्चाराचे चित्र नव्हे.

'कराड' या नावाचा प्रवासही येथे नोंदविण्याजोगा आहे. प्राचीन लेखांत या नगराचे नाव 'करहाटक' असे आढळते. त्यातील 'र' चा अकार गळाला, र् आणि ह् एकत्र आले, स्वरांमधील ट् चा ड् झाला आणि शेवटचा 'क' नाहीसा होऊन 'कऱ्हाड' हे रूप सिद्ध झाले. जुन्या पुस्तकांत हेच लेखन आढळते आणि 'कऱ्हाडे' या ज्ञातिनामात ते आजही टिकून आहे. येथेही ऱ्ह हा एकजीव ध्वनी पुढील अक्षराचा आरंभ करतो : क.ऱ्हाड्. पुढे हकारही लोपून 'कराड' राहिले. पाच लेखनाक्षरांचे नाव अशा प्रकारे दोन अक्षरांवर आले.

म्ह, न्ह, ल्ह, व्ह हे ध्वनीही ऱ्ह प्रमाणेच वागतात. लिपीत ती जोडाक्षरे दिसतात, उच्चारात मात्र ती एकेका महाप्राण व्यंजनासारखी असतात. म्हणूनच 'तुम्ही' मधील 'तु' वृत्तात लघू मानला जातो. सातारा जिल्ह्यातील 'म्हसवड' (म्हस्.वड्) आणि सांगली जिल्ह्यातील 'म्हैसाळ' (म्है.साळ्) या नावांच्या आरंभी हाच ध्वनी आहे.

द्वित्त व्यंजन मात्र दोन अक्षरांत विभागले जाते. 'सखा' (स.खा) म्हणजे मित्र आणि 'सख्खा' (सख्.खा) म्हणजे एकाच आईबापांचा. 'मका' आणि 'मक्का' यांतही तोच फरक आहे. इटालियन भाषेत 'पाला' म्हणजे फावडे आणि 'पाल्ला' म्हणजे चेंडू. तेथेही द्वित्ताची विभागणी अशीच दोन अक्षरांत होते. युरोपातील अनेक भाषांनी गमावलेला हा भेद इटालियनने जपला असल्याने मराठी भाषकाला तो सहज साधतो.

आघात

शब्दातील एखादे अक्षर इतरांपेक्षा अधिक जोराने उच्चारले जाणे म्हणजे आघात. मराठीत आघात आहे, पण तो सौम्य आहे आणि तो अर्थभेद करीत नाही. केवळ आघाताची जागा बदलल्याने एका शब्दाचा दुसरा शब्द झाला, असे मराठीत होत नाही. इटालियनमध्ये नेमके तसे होते. एकाच वर्णांनी लिहिला जाणारा 'आंकोरा' हा शब्द पहिल्या अक्षरावर जोर दिल्यास 'नांगर' (जहाजाचा) आणि दुसऱ्यावर दिल्यास 'अजून' असा अर्थ देतो. इटालियन शब्दांत बहुधा उपान्त्य अक्षरावर आघात असतो आणि बहुअक्षरी शब्दाच्या शेवटच्या अक्षरावर तो असेल तर लेखनात खुणेने दाखवावा लागतो. मराठी लेखनात अशी खूण नाही, कारण तिची गरजच पडत नाही.

मराठीतील आघात अक्षराच्या भारावर अवलंबून असतो. दीर्घ स्वराचे किंवा संवृत अक्षर जड, ह्रस्व स्वराचे विवृत अक्षर हलके. जोर साधारणपणे जड अक्षराकडे जातो. पहिले अक्षर जड असेल तर तो तेथेच स्थिरावतो. 'सांगली' उच्चारताना जोर पहिल्या अक्षरावर येतो, 'कराड' मध्ये दुसऱ्यावर. वाक्यात एखाद्या शब्दाला ठळक करायचे असेल तर इंग्रजीप्रमाणे केवळ आवाज चढविण्याऐवजी मराठी भाषक 'च' हे अव्यय जोडतो : 'आजच', 'मीच', 'मिरजेलाच'. भावना दाखविण्यासाठी स्वर लांबविण्याचीही पद्धत आहे. 'लांऽब' असे अवग्रह घालून केलेले लेखन ही त्याचीच नोंद.

आघात अर्थभेदक नसला तरी तो निष्क्रिय नसतो. शब्दाला प्रत्यय लागला की शब्दातील भाराचा तोल बदलतो आणि पूर्वी जोर असलेला स्वर आखूड होतो किंवा नाहीसा होतो. इटालियनमध्ये 'ब्वोनो' (चांगला) पासून 'बोन्ता' (चांगुलपणा) हे नाम होताना जोर शेवटच्या अक्षरावर सरकतो आणि मूळचा जोडस्वर साधा होतो. मराठीत 'मूल' पासून 'मुलाला' होताना 'मू' चा 'मु' होतो. भाषा वेगळ्या, तरी जोर सरला की स्वर आक्रसतो हे तत्त्व एकच.

ह्रस्व-दीर्घ आणि सामान्यरूप

मराठी शुद्धलेखनातील ह्रस्व-दीर्घाचे नियम हे मुळात अक्षरविभाजनाचे नियम आहेत, ही गोष्ट शाळेत क्वचितच सांगितली जाते. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले नियम महाराष्ट्र शासनाने १९६२ साली स्वीकारले आणि १९७२ मध्ये त्यांत भर पडून त्यांची संख्या अठरा झाली. त्यांतील इकार-उकारांविषयीचे नियम पुढीलप्रमाणे समजून घेता येतात.

शब्दाच्या शेवटचा इ किंवा उ दीर्घ असतो : विळी, पिसू. अकारान्त मराठी शब्दातील उपान्त्य इ-उ दीर्घ असतात : गरीब, वकील, सून, गूळ, पलूस, खानापूर. वरवर पाहता हे दोन वेगळे नियम आहेत. परंतु अन्त्य अकार उच्चारला जात नाही हे लक्षात घेतले की 'गूळ' मधील 'ऊ' हा उच्चारातील शेवटच्या अक्षराचाच स्वर ठरतो. म्हणजे नियम एकच : उच्चारातील शेवटच्या अक्षरात इ-उ दीर्घ. त्यापुढे एखादे अक्षर आले, की तो स्वर शब्दाच्या आत जातो आणि ह्रस्व होतो : गुळाचा, सुनेला, गरिबाला, पलुसात, खानापुरात, इस्लामपुरात. 'गूळ' या शब्दाला स्वतःची अशी एक लांबी नाही. त्याची लांबी शब्दातील जागेवर ठरते.

या नियमाचे एक सुबक उदाहरण सांगली जिल्ह्यातील आटपाडी तालुक्यात आहे. तेथील 'माडगुळे' या गावाच्या नावात 'गु' ह्रस्व आहे, कारण तो मधल्या विवृत अक्षरात येतो (माड्.गु.ळे). त्याच गावावरून आलेल्या 'माडगूळकर' या आडनावात 'गू' दीर्घ आहे, कारण एकार जाऊन अक्षर संवृत झाले (माड्.गूळ्.कर्) आणि 'कर' हा जवळजवळ स्वतंत्र शब्दासारखा मागे उभा राहिला. कवी ग. दि. माडगूळकर आणि कथाकार व्यंकटेश माडगूळकर या बंधूंच्या आडनावात आणि गावाच्या नावात दिसणारा हा फरक लेखनातील चूक नसून नियमाचे पालन आहे.

तीन लेखनाक्षरांच्या शब्दांत आघाताचा प्रभाव आणखी उघड होतो. पहिले अक्षर हलके असेल तर उपान्त्य स्वर ह्रस्व होऊन टिकतो : गरीब-गरिबाला, वकील-वकिलाला, जमीन-जमिनीत. पहिले अक्षर जड असेल तर तो स्वर टिकतच नाही, त्याच्या जागी अकार येतो : माणूस-माणसाला, लाकूड-लाकडाचा, बेरीज-बेरजेत, पाटील-पाटलाचा. हा अकारही उच्चारात गळतो. मा.णूस् पासून माण्.सा.ला अशी रचना होते. जड पहिल्या अक्षराने जोर स्वतःकडे घेतला आणि शेजारचा स्वर दुबळा होऊन लोपला, असे याचे स्पष्टीकरण देता येते. 'ग' सारख्या हलक्या अक्षरात ती ताकद नसल्याने 'गरिबाला' मधील 'रि' शाबूत राहतो.

'पाटील' या शब्दाने या नियमाची एक सामाजिक अडचणही निर्माण केली आहे. सातारा व सांगली भागात हे पूर्वी गावच्या वतनाचे नाव होते आणि आज ते अतिशय प्रचलित आडनाव आहे. वतनाच्या अर्थाने 'पाटलाचा वाडा' कोणालाही खटकत नाही. आडनाव म्हणून मात्र 'पाटलांनी' की 'पाटीलांनी' असा प्रश्न पडतो. नियमानुसार 'पाटलांनी' बरोबर असले तरी व्यक्तीचे नाव मोडू नये या भावनेने अनेक जण 'पाटीलांनी' लिहितात. वृत्तपत्रांनी 'पाटील यांनी' असे लिहून हा पेच टाळला आहे. या 'यांनी' मुळे नावाला हात न लावता विभक्ती दाखविता येते. गावांच्या नावांबाबतही अशीच प्रवृत्ती वाढत आहे : 'पलुसात', 'मिरजेला' यांबरोबर 'पलूसमध्ये', 'मिरजला' ही रूपे सर्रास आढळतात.

नियमांतील खरी वादग्रस्त तरतूद तत्सम शब्दांविषयीची आहे. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले अकारान्त शब्द मुळाप्रमाणे लिहावेत असा दंडक असल्याने 'गुण', 'विष', 'सुख' यांतील स्वर ह्रस्व लिहिला जातो. बोलताना मात्र 'गुण' आणि 'सून' यांतील स्वर सारखाच लांब असतो. 'दिन' (दिवस) आणि 'दीन' (गरीब), 'सुत' (मुलगा) आणि 'सूत' (धागा) यांचे उच्चार सामान्य बोलण्यात वेगळे राहिलेले नाहीत. त्यामुळे शब्द संस्कृत आहे की नाही हे ठाऊक असल्याशिवाय शुद्ध लिहिता येत नाही. ज्या घरात संस्कृतचा वारसा नाही त्या घरातील मुलावर हा भार अधिक पडतो. उच्चारावर आधारलेला नियम त्याला कानाने येतो आणि तत्समांचा अपवाद मात्र पाठच करावा लागतो. हा अपवाद रद्द करून सर्व अकारान्त शब्दांना एकच नियम लावावा, अशी मागणी म्हणूनच वेळोवेळी झाली आहे. त्याविरुद्ध, संस्कृतोद्भव शब्दांचे लेखन इतर भारतीय भाषांपासून तुटू नये, असा युक्तिवाद केला जातो.

बोलीतील अक्षररचना

सातारा-सांगलीच्या ग्रामीण बोलीत शब्दांच्या आरंभी नुसता स्वर ठेवण्याचे टाळले जाते. 'एक' चे 'येक', 'ओढा' चे 'वढा', 'ओळख' चे 'वळख' होते. स्वराआधी य किंवा व येऊन अक्षराला व्यंजनाचा आरंभ मिळतो. इकाराआधीचा व मात्र गळतो : विचार-इचार, वीस-ईस. दोन्ही बदल परस्परविरोधी वाटतात, परंतु त्यांमागे एकच तत्त्व आहे. व आणि इ यांचे जिभेचे व ओठांचे स्थान जुळत नाही, तर य आणि ए, व आणि ओ यांचे जुळते.

जोडाक्षरांविषयीची वृत्तीही अशीच नियमबद्ध आहे. आरंभीचे जोडाक्षर फोडले जाते (प्रसाद-परसाद, प्रकार-परकार) किंवा त्यातील एक घटक टाकला जातो (स्टेशन-ठेसन, ट्रॅक्टर-टॅक्टर). 'स्कूल' च्या आधी स्वर लागून 'इस्कूल' होते. त्यामुळे स् मागील अक्षरात जातो व क् पुढील अक्षराचा आरंभ करतो (इस्.कूल्). इटालियन भाषेतही शाळेला 'स्क्वोला' म्हणत असले, तरी पूर्वी 'मध्ये' या अर्थाच्या 'इन' नंतर 'इस्क्वोला' असे रूप वापरले जाई आणि 'लेखी स्वरूपात' या अर्थाच्या 'पेर इस्क्रित्तो' या प्रयोगात तो आरंभीचा इकार अजून शिल्लक आहे. शब्दाच्या शेवटचे जोडाक्षर बोलीत अकार घालून मोकळे केले जाते : चंद्र-चंदर, मंत्र-मंतर, धर्म-धरम. अशा रूपांना 'अशुद्ध' म्हणण्याची प्रथा आहे. भाषाशास्त्राच्या दृष्टीने ती अक्षररचनेच्या एका सुसंगत नियमाची फळे आहेत आणि त्याच नियमाने प्राकृतातून मराठीचे अनेक प्रमाण शब्दही घडले आहेत.

क्रियापदांत अक्षरांचा संकोच सर्वांत अधिक दिसतो. 'जातो आहे' चे प्रमाणभाषेच्या बोलण्यात 'जातोय' आणि या भागात 'जातुय' होते. 'गेला होता' (गे.ला.हो.ता) या चार अक्षरांचे 'गेलता' (गेल्.ता) अशा दोन अक्षरांत रूपांतर होते. हकार गळणे, शेजारचे स्वर मिसळणे आणि मधला दुबळा स्वर लोपणे या पायऱ्या 'माणसाला' मध्ये दिसलेल्या प्रक्रियेहून वेगळ्या नाहीत. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी' (१९५५) सारख्या कादंबरीत आणि वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे यांच्या लेखनात या बोलीचा वापर झाल्याने तिची रूपे देवनागरीत कशी लिहावीत, याचा एक अलिखित संकेतही तयार झाला.

शब्दसिद्धी

मराठी व्याकरणात शब्दांचे सिद्ध आणि साधित असे दोन वर्ग केले जातात. उपसर्ग, प्रत्यय, द्विरुक्ती आणि समास ही साधित शब्द घडविण्याची मुख्य साधने होत. मोरो केशव दामले यांच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरण' (१९११) या ग्रंथात त्यांचा विस्ताराने विचार आहे.

गावावरून आडनाव घडविणारा 'कर' हा प्रत्यय विभक्तिप्रत्ययांपेक्षा वेगळा वागतो. 'चा' किंवा 'त' लागण्यापूर्वी शब्दाचे सामान्यरूप व्हावे लागते, 'कर' ला ते लागत नाही. म्हणून 'पुण्याचा' पण 'पुणेकर'. सातारा जिल्ह्यातील मर्ढे गावावरून 'मर्ढेकर' झाले, 'मर्ढ्याकर' नव्हे. आकारान्त नावांत मात्र अन्त्य आकार लोपतो : सातारा-सातारकर, शिराळा-शिराळकर. 'वाळवा' वरून 'वाळवेकर' होते, कारण त्या गावाचे 'वाळवे' हे एकारान्त रूपही प्रचारात होते. आडनावाने ते जपून ठेवले आहे. ईकारान्त व व्यंजनान्त उच्चाराची नावे जशीच्या तशी राहतात : सांगलीकर, वाईकर, मिरजकर, फलटणकर.

असे साधित आडनाव पुन्हा नव्या गावनावाचे बीज होऊ शकते. कोकणातील किर्लोसी गावावरून 'किर्लोस्कर' हे आडनाव आले. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० साली तेव्हाच्या औंध संस्थानात कारखान्याची वसाहत वसविली, ती 'किर्लोस्करवाडी'. या नावात स्थलनाम, प्रत्यय आणि पुन्हा स्थलवाचक पद असे तीन थर आहेत आणि उच्चारात त्याची पाच अक्षरे पडतात : किर्.लोस्.कर्.वा.डी. यातील 'स्क' या जोडाक्षरात 'किर्लोस' आणि 'कर' यांची सीमा दडून गेली आहे. लेखन जोडले गेले तरी उच्चारातील फट तेथेच आहे. कराडजवळची ओगलेवाडी ही याच घडणीची.

द्विरुक्तीचा एक प्रकार अक्षररचनेच्या दृष्टीने विशेष बोलका आहे. 'आणि तत्सम' या अर्थी शब्दाच्या मागे त्याचाच प्रतिध्वनी जोडतात : हळदबिळद, ऊसबीस, गूळबीळ, द्राक्षंबिक्षं. यात पहिल्या अक्षराचा आरंभ आणि त्याचा स्वर काढून त्या जागी 'बि' बसवितात. 'द्राक्षं' मधील 'द्र' हे दोन व्यंजनांचे जोडाक्षर पूर्णच्या पूर्ण जाते, त्यातील एकटा द् जात नाही. म्हणजे बोलणाऱ्याच्या मनात अक्षराचा आरंभ हा एक अखंड घटक असतो. शिवाय 'गूळबीळ' मधील बी दीर्घ, पण 'गुळाबिळाचा' मधील बि ह्रस्व. प्रतिध्वनीचा शब्द निरर्थक असूनही तो ह्रस्व-दीर्घाचा नियम पाळतो.

या भागातील पिकांनी आणि बाजारपेठांनी वेगवेगळ्या भाषांतील घटक एका शब्दात आणले. 'द्राक्षबागायतदार' मध्ये संस्कृत 'द्राक्ष', फारसी 'बाग' शब्दाच्या कुळातील 'बागायत' आणि फारसी 'दार' एकत्र आहेत. तासगाव आणि सांगलीच्या सौद्यांत रोज उच्चारला जाणारा 'बेदाणा' हा शब्द 'बे' (विना) आणि 'दाणा' (बी) यांपासून बनलेला आहे. त्याचा मूळ अर्थ बिनबियांचा. उसाच्या हंगामातील 'ऊसतोड' हा समास, 'गुऱ्हाळ' (गु.ऱ्हाळ्) आणि गुळाच्या काहिलीवर देखरेख करणारा 'गुळव्या' हे शब्द मात्र पूर्णतः देशी घडणीचे आहेत.

स्वातंत्र्यलढ्यात या परिसराने घडविलेला सर्वांत प्रसिद्ध शब्द म्हणजे 'प्रतिसरकार'. क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९४३ ते १९४६ या काळात तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातील अनेक गावांत समांतर कारभार चालविला गेला. त्याला दिलेल्या या नावात संस्कृत 'प्रति' हा उपसर्ग फारसी 'सरकार' ला जोडला आहे. तिच्या सशस्त्र दलाचे 'तुफान सेना' हे नावही असेच संमिश्र. 'प्रतिसरकार' चे लोकांच्या तोंडी 'पत्री सरकार' झाले. प्र.ति मधील आरंभीचे जोडाक्षर बोलीला जड जाते. र् पुढील अक्षरात सरकला आणि पत्.री अशी सोपी विभागणी झाली. योगायोगाने 'पत्री' हा शब्द बैलाच्या खुराला ठोकतात त्या लोखंडी पट्टीसाठी आधीच प्रचारात होता. गुंडांना व खबऱ्यांना तळपायांवर दिल्या जाणाऱ्या शिक्षेशी त्याचा संबंध जोडला गेला आणि उच्चाराच्या सोयीतून आलेल्या रूपाला स्वतंत्र अर्थ मिळाला. ब्रिटिशांच्या काळात धास्ती निर्माण करणारे हे नाव पुढे मूळ नावाहून अधिक रूढ झाले.

याच्या अगदी उलट, ठरवून केलेली शब्दनिर्मिती सातारा जिल्ह्यातील वाई येथे झाली. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली तेथे 'मराठी विश्वकोश' सिद्ध होऊ लागला. त्याचा पहिला खंड १९७६ साली आला, परंतु त्याआधीच १९७३ मध्ये 'परिभाषासंग्रह' हा अठरावा खंड प्रसिद्ध झाला होता. लेखांपूर्वी शब्द ठरविणे आवश्यक होते. येथील संज्ञा प्रामुख्याने संस्कृत धातू, उपसर्ग आणि प्रत्यय यांपासून बनविलेल्या असल्याने त्या नेमक्या असतात, मात्र त्यांत जोडाक्षरांची दाटी होते. कृष्णेच्या एका काठावर 'प्रति' चे 'पत्री' करणारी बोली आणि त्याच नदीच्या वरच्या अंगाला जोडाक्षरयुक्त संज्ञा घडविणारा कोश, अशी ही स्थिती आहे.

स्थलनामांच्या लोकव्युत्पत्ती

'सांगली' हे नाव 'सहा गल्ली' वरून आणि 'सातारा' हे 'सतरा' या संख्येवरून आले, असे लोकांत सांगितले जाते. अक्षररचनेच्या कसोटीवर दोन्ही टिकत नाहीत. 'सहा गल्ली' मध्ये अनुनासिक नाही. 'सांगली' मधील ङ् कोठून आला आणि 'गल्ली' तील द्वित्त कसे नाहीसे झाले, याचे उत्तर त्यात मिळत नाही. 'सतरा' चा उच्चार सत्.रा असा दोन अक्षरांचा आहे. त्यात मधला दीर्घ आकार नव्याने निर्माण होण्याचे कारण नाही, कारण मराठीची प्रवृत्ती मधला स्वर गाळण्याची आहे, लांबविण्याची नाही. अक्षरविभाजनाने एखाद्या नावाचे मूळ सिद्ध होत नाही. त्यासाठी ताम्रपट, शिलालेख आणि जुने कागद पाहावे लागतात, जसे 'करहाटक' बाबत पाहता आले.